टेबलावरचा धुरा

१२ जानेवारी २०२५, रविवार

सकाळी मुकेशचा फोन आला. त्याचा वर्ध्यात छापखाना आहे आणि त्याला कॉमिकचं वेड आहे. पुढच्या महिन्यात आठ आणि नऊ तारखेला तो इथे कॉमिकचा मेळावा भरवतो आहे. नागपूर, अमरावती, चंद्रपूरकडून चित्रं काढणारे आणि लिहिणारे येतील. प्रत्येकाला एक टेबल मिळेल. त्यावर आपली पुस्तकं मांडायची, विकायची, लोकांशी बोलायचं. मी नाव दिलं.

माझं पुस्तक तयार आहे. ‘मैलाच्या दगडापाशी’. चित्रं पुण्याच्या एका मुलाची आहेत. मी सांगितलं तसं त्याने काढलं. प्रत्येक चौकटीत माझं वाक्य आहे. एकही गळलेलं नाही.

हे लोकांनी वाचलं तर पुढे लिहीन. नाही वाचलं तर कॉमिक सोडून देईन. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी आहे, ती पुरेशी आहे. हे आज ठरवलं.

छाया येणार आहे का, ते विचारलं नाही.

१९ जानेवारी, रविवार

टेबलावर काय मांडायचं ते पाहत होते. कपाटात ‘मुक्कामी’चे तिन्ही अंक सापडले. सापडले म्हणजे तिथेच होते.

आमचं कॉमिक. मी लिहायचे, छाया चित्रं काढायची. मंजुळा नावाची एसटीतली कंडक्टर. तिची गाडी संध्याकाळी एखाद्या गावी मुक्कामाला थांबते आणि सकाळी परत निघते. मधल्या रात्रीत त्या गावात जे घडतं ती गोष्ट. दर अंकात नवं गाव.

तिसऱ्या अंकाच्या शेवटच्या आठ पानांसाठी मी मजकूर लिहून दिला होता. अंक छापून आला तेव्हा त्या पानांवर एकही शब्द नव्हता. तिने सगळा काढून टाकला होता. मी विचारलं. ती म्हणाली, तिथे शब्द मावत नव्हते. मी म्हणाले, चित्रं लहान करायची. पुढे दोन वर्षं आम्ही बोललो नाही.

ती आठ पानं आज परत पाहिली. बराच वेळ गेला. टेबलावर काय मांडायचं ते ठरलं नाही.

२७ जानेवारी, सोमवार

मुकेश ग्रंथालयात आला. खुर्चीच्या कडेवर बसला, तेव्हाच कळलं की काहीतरी वाईट सांगायचं आहे.

लग्नसराईमुळे टेबलं मिळत नाहीत. केटरर निम्मीच देतो आहे. त्यामुळे एका टेबलावर दोघं. आणि मी छायाबरोबर.

मी म्हणाले, माझं नाव मी वेगळं दिलं होतं.

“थे हाय, ताई. पण लोकं तुम्हाले ‘मुक्कामी’वाल्या म्हनूनच ओळखतेत. एका टेबलावर असल्या का शोधाले बरं.”

दुसऱ्या कोणाबरोबर बसवता येईल का, विचारलं. तो म्हणाला, अमरावतीवाल्यांची आधीच भांडणं चालू आहेत. एकजण म्हणतो मला सहा फूट कबूल केले होते, तर तीनच का. दुसऱ्याला खिडकी नको. तिसऱ्याला शेजारी स्टिकरवाला नको. माझं हे नवीन भांडण त्यात घालायची त्याची तयारी दिसली नाही.

छाया काय म्हणाली, विचारलं.

“त्या म्हनाल्या, चालते.”

चालते म्हणजे काय? जेवायला जाताना टेबलावर लक्ष ठेवायला कोणीतरी लागतं. म्हणून चालत असेल.

२ फेब्रुवारी, रविवार

सेलूजवळ गावी गेले होते. तूर निघाली आहे, अंगणभर तुऱ्हाट्या. बाबांना टेबलाचं सांगितलं. कॉमिक म्हणजे काय ते त्यांना अजून नीट कळलेलं नाही, पण एक टेबल आणि दोन वाटेकरी हे लगेच कळलं. खाटेवर उठून बसले.

शेजारच्या तानबाकाकांशी त्यांचं धुऱ्यावरून वर्षानुवर्षं चाललं. धुरा म्हणजे दोन शेतांच्या मधली न नांगरलेली पट्टी. नांगरताना एकाने त्यातलं एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, खाल्लं की पुढच्या वर्षी दुसरा दोन खातो. असं करत धुरा संपतो, आणि मग रोज भांडण. शेवटी सरकारी मोजणी आणून दोघांनी आपापल्या बाजूने जागा सोडली. तेव्हापासून बोलणं नाही, पण भांडणही नाही. बाबांना हा तोडगा फार आवडतो.

“तिच्या अंगाले लागू नको. आपल्या वाट्यातून हातभर सोडजो. धुऱ्यावर कोनाचाच नांगर नाई चालत.”

मी म्हणाले, टेबलच लहान आहे, हातभर कुठून सोडू. ते म्हणाले, मग वीतभर सोड.

आई मधेच म्हणाली, छाया येणार असेल तर सोलेभात जास्त करून देते, तिला आवडतो. मी म्हणाले, आम्ही एकत्र जेवणार नाही. आई म्हणाली बरं. तिने ऐकलं की नाही कळलं नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

संध्याकाळी मांडणी. मंगल कार्यालय आहे. मागच्या लग्नाच्या झेंडूच्या माळा अजून खांबांवर आहेत.

मी लवकर गेले. टेबलाचा मध्य दोरीने काढला. माझं कापड अंथरताना मध्यापासून वीतभर अलीकडे थांबले. बाबांचं ऐकलं. पुस्तकं मांडली. दाटी झाली, पण बसली.

मग छाया आली. चष्मा लागला आहे तिला. समुद्रपूरहून बसने आली, दोन खोकी घेऊन. मी मान हलवली, तिनेही हलवली. तिने टेबलाकडे पाहिलं, पिशवीतून खडू काढून मध्यावर बारीक खूण केली. माझ्या मध्याशी जुळली. मग तिने आपलं कापड अंथरलं, आणि तीही खुणेपासून वीतभर पलीकडे थांबली.

टेबलाच्या मधोमध दोन विती रिकामी जागा राहिली. तिच्यावर केटररचा पांढरा कपडा नुसता दिसत होता.

समोर अमरावतीवाले फुटपट्टी घेऊन बोटाबोटासाठी हुज्जत घालत होते. मुकेश घामाघूम होऊन आमच्याकडे आला. म्हणाला, हे मधात काऊन रिकामं सोडलं. तो दोघींकडे आळीपाळीने पाहून निघून गेला.

छायाचं नवं पुस्तक शब्दांशिवाय आहे. मुखपृष्ठावर नावसुद्धा बारीक. तिच्या एका खोक्यावर ‘मुक्कामी’ लिहिलं होतं. ते तिने टेबलाखाली सरकवलं. रद्दीत द्यायला आणले असतील. माझ्या पिशवीतही तिन्ही अंक होते, पण ते सवयीने आले.

८ फेब्रुवारी, शनिवार

गर्दी बरी. कॉलेजची मुलं जास्त. एकजण खोक्यांचा यंत्रमानव बनून आला होता, तो खांबांच्या मधे अडकला, तेव्हा सगळे हसले. छायाही हसली. तिचं हसणं तेच आहे.

माझं पुस्तक लोक उचलतात, उघडतात, ठेवतात. एक मुलगा म्हणाला, मॅडम, यात वाचायला खूप आहे. मी आभार मानले. मग तो ठेवून गेला.

जेवायला मी एकटी मागच्या अंगणात गेले. आईने गावाहून पाठवलेला डबा उघडला तर सोलेभात दोन माणसांचा. अर्धा परत आणला. परत आले तर माझी एक प्रत गेलेली. छायाने विकली होती. तिने पैसे माझ्या कापडाखाली ठेवले होते. शेजारच्या टेबलाच्या मुलीने सांगितलं की छाया त्या गिऱ्हाइकाला म्हणत होती, शेवटपर्यंत वाचा, शेवट चांगला आहे. तिला शेवट कसा माहीत? पुस्तक येऊन महिनाच झाला आहे, आणि मिळतं फक्त मुकेशकडे.

दुपारनंतर खरं प्रकरण झालं. तिचा पुस्तकांचा गठ्ठा माझ्या बाजूला सरकलेला दिसला. आधी बोटभर. तासाभराने दोन बोटं. तिने सोडलेल्या जागेतला तेवढा भाग खाल्ला होता. बाबा सांगतात तेच. आज एक तास, उद्या दोन.

मी म्हणाले, तू नांगरून राह्यली.

“मी नाई सरकली. मले सरकवलं.”

कोणी, विचारलं. तिने नुसतं उजवीकडे पाहिलं. तिकडे मला काही दिसलं नाही. नागपूरचा योगेंद्र नावाचा पोस्टरवाला आपल्या पंखवाल्या वीराच्या माणसाएवढ्या पुठ्ठ्याशेजारी उभा राहून मुलांबरोबर फोटो काढत होता. मी म्हणाले, बहाणे नको. ती त्यानंतर दिवसभर बोलली नाही. चुकलं असेल तर माणूस असाच गप्प बसतो.

मी मुकेशला बोलावलं. त्याने गठ्ठा पाहिला, मला बाजूला नेलं. म्हणाला, ताई, गोंदियाचे दोघं आलेच नाहीत. कोपऱ्यातलं अख्खं टेबल सकाळपासून मोकळं आहे. छायाताईंना दोनदा म्हटलं तिकडे बसा. त्या नको म्हणाल्या.

आता कळलं. आमच्या टेबलावर पंखा आहे, कोपऱ्यात नाही.

मीच जाऊ का तिकडे, हे विचारायचं होतं. राहून गेलं.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी, मागच्या अंगणातून

आत्ताच लिहिते, नाही तर संध्याकाळपर्यंत वेगळं होईल.

सकाळी लवकर आले. हॉल जवळजवळ रिकामा होता. योगेंद्र आपलं सामान लावत होता. त्याने पोस्टर टांगायचा लोखंडी घोडा आणला, तो त्याच्या टेबलाच्या कडेला बसेना. मग त्याने आमच्या टेबलापाशी येऊन छायाचा गठ्ठा दोन्ही हातांनी उचलला, माझ्या बाजूला सरकवून ठेवला, आणि मोकळ्या झालेल्या कडेला घोड्याचा चिमटा लावला. सहज. रोजचं काम असल्यासारखं.

काल मी चुकीच्या माणसाशी भांडले.

त्याला म्हणाले, ते काढा. तो हसला. म्हणाला, अरे ताई, दो उंगली का सवाल है, आपल्याआपल्यात काय. मी म्हणाले, तुमच्या दोन बोटांमुळे आमच्याकडे काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. माझा आवाज जरा वाढला असावा. मुकेश दाराशी येऊन थांबला. छाया त्याच्या मागेच होती, बसमधून उतरून आलेली. तिने काय काय ऐकलं, माहीत नाही.

योगेंद्रने चिमटा काढला. माणूस वाईट नाही. मग त्याची नजर आमच्या मधल्या जागेवर गेली.

“ताई, तुमच्याकडं तर मधातच एवढी जागा पडली हाय. मी किचेन ठेवतो जराशे.”

आणि किल्ल्या अडकवायच्या किचेनचा फिरता स्टँड उचलून त्याने बरोबर मधोमध ठेवला.

“उचला थे.” मी आणि छाया एकदमच बोललो. दोन वर्षांत पहिल्यांदा आमचं एक वाक्य झालं, तेही योगेंद्रशी.

तो गोंधळला. म्हणाला, पण ही जागा कोणाची? तुमची का यांची?

“कोनाचीच नाई,” छाया म्हणाली.

“धुरा हाय थो,” मी म्हणाले.

योगेंद्रने मुकेशकडे पाहिलं. मुकेशच्या घरीही शेती आहे. त्याने गंभीर चेहऱ्याने समजावून सांगितलं, की धुऱ्यावर कोणी काही ठेवत नाही, ठेवलं तर कोर्टात जातं आणि नातवंडांपर्यंत चालतं. योगेंद्रने मान डोलावली आणि स्टँड उचलला. जाता जाता म्हणाला, तुम्ही वर्धेवाले लई खतरनाक. समोरच्या अमरावतीवाल्याने फुटपट्टी खाली ठेवली.

छाया खुर्चीत बसली आणि हसायला लागली. तिला थांबवता येईना. मलाही नाही.

नंतर मी म्हणाले, काल तू सांगितलं होतंस. ती म्हणाली, हो. एवढंच झालं.

डबा आज पुन्हा दोघींचा आला आहे. छाया समोर बसून जेवते आहे. काय लिहून राह्यली, विचारते. हिशोब, म्हणाले. चालू दे, म्हणाली. भात गार झाला आहे.

९ फेब्रुवारी, रविवार. घरी

दुपारी आष्टीहून दोघी आल्या. अन्नपूर्णा नावाच्या शिक्षिका आणि त्यांच्या सासूबाई, नलूबाई. नलूबाई थेट आमच्या टेबलाशी येऊन थांबल्या. माझं पुस्तक त्यांनी पाहिलं नाही. छायाचं हातात घेतलं आणि ठेवलं. म्हणाल्या, हे नाई. थे गाडीवाल्या बाईचं पायजे.

मी पिशवीत हात घातला. छाया टेबलाखाली वाकली. दोघींच्या हातात ‘मुक्कामी’ आलं.

आता ते ठेवायचं कुठे? माझ्या कापडावर ठेवलं तर माझं होतं. तिच्यावर ठेवलं तर तिचं. मी हातातच धरून राहिले. छायाने आपले अंक मधल्या पांढऱ्या पट्टीवर ठेवले, माझे माझ्या हातातून घेतले आणि त्यांच्यावर ठेवले.

“धुऱ्यावर झाड चालते,” ती म्हणाली.

हे खरं आहे. धुऱ्यावर बोर असली तर बोरं दोन्ही घरची पोरं खातात. त्यावर कधी भांडण ऐकलं नाही.

अन्नपूर्णाबाईंनी सांगितलं, की त्यांचे अंक शाळेत कोणीतरी नेले ते परतच आले नाहीत. सासूबाईंनी तेव्हापासून पिच्छा पुरवला आहे. नलूबाईंना वाचता येत नाही. पहिली पानं सून वाचून दाखवते. तिसऱ्या अंकाची शेवटची पानं आली की नलूबाई पुस्तक तिच्या हातातून ओढून घेतात.

“थे मी स्वतः वाचतो,” नलूबाई म्हणाल्या. “तिथं कोनाची गरज नाई लागत.”

अन्नपूर्णाबाई संकोचल्या. मी विचारलं, काय आहे त्या पानांत? नलूबाईंनी पुस्तक उघडलंच नाही. बोलत राहिल्या. गाडी थांबली. ह्या बाईले गावात कोनी वळखत नाई. थंडी हाय. ते गाडीतच निजते. मंग एक म्हातारी येते, गोधडी ठेवते, जाते. मंग एक पोट्टा कंदील ठेवते. कोनी बोलत नाई. बोलतीन काय, दिवसभर माणसाईचं ऐकून तिचा जीव थकला हाय. सकाळी सारं घडी करून ठेवते अन् निघते.

त्या पानांसाठी मी लिहिलेली वाक्यं मला पाठ आहेत. नलूबाईंच्या गोष्टीत त्यांतलं एकही नव्हतं. तरी गोष्टीत काही कमी नव्हतं. हे मी उभ्या उभ्या तपासलं, दोनदा.

नलूबाईंनी विचारलं, पुढचा अंक कुठं आहे? मी छायाकडे पाहिलं. छाया म्हणाली, हिले विचारा. मी म्हणाले, हिला विचारा.

नलूबाईंनी आमच्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे.

“भांडल्या काय वं तुम्ही?”

आम्ही दोघी अंक सारखे करायला लागलो.

“भांडल्याच,” त्या सुनेला म्हणाल्या. मग आमच्याकडे वळल्या. “भांडा. पन लवकर भांडून घ्या, बापा. माह्यापाशी लई वर्षं नाई.”

अंक घेऊन गेल्या. जाताना माझ्या पुस्तकाची एक प्रत अन्नपूर्णाबाईंनी घेतली. बरं वाटावं म्हणून घेतली असेल. घेतली खरी.

त्यानंतर ‘मुक्कामी’ आणखी मागितलं गेलं. दोन खुर्च्यांवरून मधल्या जागेपर्यंत हात पुरत नव्हता. खुर्च्या कधी जवळ आल्या, लक्षात नाही.

पाच वाजता केटररचा टेम्पो आला. संध्याकाळचं लग्न होतं. मेळावा सहापर्यंत होता, पण टेम्पोवाली माणसं थांबेनात. त्यांनी टेबलाची दोन टोकं धरली आणि म्हणाले, उचला बाई. आम्ही कापडांसकट सगळं गोळा केलं. वेगळं करायला वेळच नव्हता. एका खोक्यात सगळं गेलं, माझं, तिचं, दोघींचं. बाहेरच्या पायऱ्यांवर ते खोकं घेऊन बसलो. योगेंद्र पंखवाला पुठ्ठा काखेत मारून गेला. आम्हाला दोन किचेन देऊन गेला.

छायाची बस यायला अवकाश होता. तिने वही गुडघ्यावर घेतली. पेन्सिल काढली, पण काढलं काहीच नाही.

“चौथ्यात मंजुळा कुठं मुक्काम करते?” तिने विचारलं.

हे मला दोन वर्षांपासून माहीत होतं. आष्टीकडचं गाव. बाजाराच्या आदल्या दिवसाची रात्र. ओट्यांवर पोती टाकून माणसं आपापली जागा धरून निजलेली, आणि मंजुळेला निजायला जागा नाही. मी सांगितलं. ती ऐकत होती.

“मंग लिहून पाठवजो. काढतो मी.”

“नाई,” मी म्हणाले. “तू आधी काढ. जिथं शब्द लागला तिथं मले सांगजो.”

तिने वर पाहिलं. चष्मा काढून पदराने पुसला. म्हणाली, धूळ लई हाय इथं. पायऱ्या नुकत्याच धुतल्या होत्या.

बस आली. खोकं कोणी न्यायचं यावर थोडं झालं. ती म्हणाली तू ने, मी म्हणाले तू ने. शेवटी कंडक्टर बाईंनी घंटी मारली, तेव्हा खोकं तिच्याबरोबर गेलं. माझ्या पुस्तकाच्या उरलेल्या सगळ्या प्रती त्यात गेल्या. हे घरी आल्यावर लक्षात आलं. फोन केला नाही.

जेवले. लगेच झोप येते आहे. अशी झोप बऱ्याच दिवसांत आली नव्हती.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मुकेशला भेटले. त्याला अजून अमरावतीवाल्यांच्या तक्रारी येत आहेत. पुढच्या वर्षी मोठा हॉल आणि प्रत्येकाला स्वतंत्र टेबल असं म्हणतो आहे. आम्हाला दोन देऊ ना, म्हणाला.

मी म्हणाले, एकच लागेल.

त्याने लिहून घेतलं नाही. छायाताई हेच म्हणाल्या, म्हणाला.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी छायाकडून सहा चौकटी आल्या. बाजाराची जागा, अंधार, पोती, माणसं. पाचव्या चौकटीत मंजुळा तिकिटांची पेटी उशाला घेऊन दोन अनोळखी बायांच्या मधे आडवी होते. त्या झोपेतच थोड्या थोड्या सरकल्या आहेत.

खाली तिने लिहिलं होतं: इथं लागते काय?

मी दुपारभर बसून एक वाक्य केलं. चांगलं झालं होतं. मग चौकट पुन्हा पाहिली आणि ते खोडलं.

तिला कळवलं, नाही लागत.